जुनी सिस्टिम, बाहेरची डिस्क आणि टपालवालीचे बूट

सोमवार, ४ मार्च

वन्संची आज्ञा आहे की आजपासून संगणकाला हात लावला की तारीख घालून वहीत लिहायचं. काय दाबलं, काय झालं, मग पुन्हा काय दाबलं. "वहिनी, तू आधी दाबतेस आणि मग विचार करतेस," असं त्यांनी फोनवर सुनावलं. खोटं काहीच नाही त्यात. म्हणून ही वही.

तर सकाळी नऊ वाजता मी 'आता अपडेट करा' हे दाबलं. दोन वर्षं रोज इमानेइतबारे 'नंतर' दाबत होते. आजच 'आता' का दाबलं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. चष्मा कपाळावर होता, एवढंच. तासाभराने संगणक नवा कोरा होऊन उठला, चित्रांचे कोपरे गोल झाले, अक्षरं बारीक झाली, आणि माझा पायांचा प्रोग्रॅम काही उघडेना. 'हे ॲप या सिस्टिमवर चालणार नाही.' चार वेळा दाबून पाहिलं. चारही वेळा तेच, शब्दही न बदलता.

आमचं बुटांचं दुकान आहे, पण साध्या बुटांचं नव्हे. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे त्यांच्यासाठी एक बूट उंच करून द्यायचा, हा धंदा. बूट करतात मास्तर. मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेत शिकवायचे मी, आणि गल्ली मास्तर म्हणते यांना. मापं मी घेते. माणसाला सरळ उभं करायचं, आखूड पायाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या सरकवत जायचं, कंबर दोन्ही बाजूंनी सारखी झाली की पट्ट्यांची जाडी मोजायची. तो आकडा प्रोग्रॅममध्ये घातला की टाच किती, चवडा किती, कॉर्कचा थर किती, सगळं एका कागदावर छापून येतं. तो कागद मी मास्तरांना देते आणि ते बूट करतात.

प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला आहे. सतरा वर्षांपूर्वी शाळा बंद पडली आणि गणिताच्या बाई घरी बसल्या, त्या वर्षी. चारशे बारा माणसांचे पाय आहेत त्यात. तो गेला तर या दुकानात माझं काम काय, हे दिवसभर डोक्यात घोळतंय. केरसुद्धा मास्तरच काढतात.

वन्सं म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. जन्मभर एका कचेरीच्या संगणक विभागात होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, जीभ अजून कामावर आहे. त्यांनी उपाय सांगितला. नव्या सिस्टिमला हात लावायचा नाही. एक बाहेरची डिस्क आणायची, तिच्यावर जुनी सिस्टिम चढवायची, आणि जुनं काम निघेल तेव्हा संगणक त्या डिस्कवरून सुरू करायचा. "एका घरात दोन बिऱ्हाडं. एकमेकांच्या स्वयंपाकात लक्ष घालायचं नाही."

मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. प्रिंटर बिघडलाय असं सांगितलंय.

बुधवार, ६ मार्च

डिस्क आणली. काल लावली, तर संगणकाला ती दिसेचना. आज दिवसभर तेच. डिस्क बदलून आणली, तीही दिसेना. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी एके काळी मुलांकडे पाहत असे. शेवटी वन्संनी विचारलं, केबल कुठली लावलीस? फोन चार्ज करायची. तिच्यातून नुसती वीज जाते, माहिती जात नाही म्हणे. दोन दिवस गेले केबलीपायी.

मास्तरांनी या आठवड्यात कागदाशिवाय दोन जोड उरकले. मी घाबरून विचारलं, आकडे कुठून घेतलेत? म्हणाले, "जुने लोक आहेत, फर्मे आहेत त्यांचे." फर्मा म्हणजे पायाचा लाकडी साचा. त्यावरून बुटाचा आकार कळतो, उंची कशी कळणार? पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, ७ मार्च

आज टपालवाली आली. आता हे प्रकरण गळ्याशी आलंय.

मुलगी बत्तीस वर्षांची असेल. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा पहिला जोड आम्हीच केला होता. गेल्या वर्षी दुसरं ऑपरेशन झालं. या सगळ्या काळात तिला टपाल कचेरीत आत बसवलंय, शिक्के मारायला. तिला तिचा रस्ता परत हवाय. त्यासाठी बावीस तारखेला चाचणी आहे: भरलेली थैली खांद्यावर घेऊन सहा किलोमीटर, वाटेत जिने. नापास झाली तर कायमची आत.

"काकू, आत बसून मला वेड लागेल हो," ती म्हणाली. "तिथं खिडकी पण नाही. मला दारं वाजवायची सवय. कुणाचं काय आलंय ते मला आधी कळायचं."

"पत्रं फोडून वाचायचीस की काय?"

"नाही हो! पाकीट हातात धरलं की कळतं."

पट्ट्या लावून माप घेतलं. चोवीस मिलिमीटर. तिला सांगितलं, काळजी करू नकोस, शनिवारी सोळा तारखेला बूट घेऊन जा. सांगितलं मी, आणि प्रोग्रॅम उघडत नाही!

मास्तरांचं एक आहे, त्यांना माणसांची लाज नाही. मुलगी मोज्यांनीच उभी, आणि हे आतून ओरडतात, "अगं बाळ, येतायेता तेवढा पाण्याचा जग आण त्या टोकावरून." ती बिचारी बोळाच्या टोकापर्यंत गेली, भरलेला जग घेऊन आली. मग म्हणे, "हा नको, दुसरा आण." पुन्हा फेरी. सतरा वर्षं बघतेय, आलेल्या प्रत्येकाला पाणी आणायला लावतात आणि स्वतः एक घोट पितात. किती वेळा सांगितलं, अहो, गिऱ्हाईक आहे, गडी नाही. हसतात नुसते.

शुक्रवार, ८ मार्च

डिस्क दिसली, पुसून तयार केली, जुनी सिस्टिम मिळवली (आपल्याच खात्यात जुन्या खरेदीच्या यादीत ती पडून होती, काखेत कळसा), आणि चढवायला गेले तर संगणक म्हणतो, 'ही फाइल खराब झाली आहे.' पुन्हा उतरवून घेतली, तीन तास. पुन्हा खराब.

वन्सं फोनवर हसल्या. "खराब नाही गं. त्या फाइलवर बनवणाऱ्याची सही असते, तिची मुदत संपलीय. संगणकाचं घड्याळ आठ वर्षं मागं ने, म्हणजे सही चालेल."

"म्हणजे फसवायचं त्याला?"

"त्याला कसलं फसवणं? त्याला काही कळत नाही. आणि वहिनी, ऐक, जुन्या सिस्टिमला इंटरनेट लावू नकोस. तिचे दरवाजे आता कुणी दुरुस्त करत नाही."

मग अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "दादा वाचतो का गं तुझे कागद?" मी म्हटलं, न वाचून सांगतो कुणाला? बूट काय आपोआप होतात? त्या "बरं बरं" म्हणाल्या. नणंदेचं "बरं बरं" कधी बरं नसतं.

शनिवार, ९ मार्च

चालला!

घड्याळ मागे नेल्यावर सिस्टिम निमूट चढली. सुरू करताना एक बटण दाबून धरायचं, मग पडद्यावर दोन डिस्कांची चित्रं येतात, त्यातलं बाहेरचं निवडायचं. सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात. डिस्क आतून घरघरते, जणू कुणी झोपेतून उठायला कुरकुरतंय. आणि मग तो जुना निळा पडदा आला, जाड अक्षरं, चौकोनी चित्रं. माझा प्रोग्रॅम उघडला, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. चारशे बारा माणसं जिथल्या तिथं होती.

आठवडाभर साठलेली मापं लगेच भरली: टपालवाली, ग्रंथपाल, एक सुतार. सांगितल्याप्रमाणे इंटरनेटची तार काढूनच ठेवली. मास्तरांना सांगितलं, प्रिंटर दुरुस्त झाला. "बिघडला होता का?" म्हणाले. पाच दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.

मंगळवार, १२ मार्च

तिन्ही कागद छापून दिले. मास्तरांनी नेहमीसारखा "हां" केला आणि टपालवालीचा कागद चामडं चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्याखाली घातला, टेबलाला डाग पडू नये म्हणून. मी बोलले त्यांना. म्हणाले, डोक्यात आहे सगळं. एक नजर टाकून डोक्यात राहतं तर कौतुकच आहे.

प्रोग्रॅम परत चालतोय म्हणून मी उगाच जुनी माणसं उघडून बघत बसते. आज एक आजोबा निघाले, ते आता नाहीत. त्यांचा शेवटचा जोड अठरा मिलिमीटरचा होता. इतकं नीट जपून ठेवलेलं दुकानात दुसरं काही नाही.

शनिवार, १६ मार्च

टपालवाली बूट घेऊन गेली. घालून बोळात चार फेऱ्या मारल्या, जिन्यावर चढली-उतरली. "काकू, मस्त," म्हणाली. मी कॉलर ताठ करून मास्तरांकडे पाहिलं. ते चाकावर दुसऱ्या कुणाची टाच घासत होते.

शुक्रवार, २२ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आठला दुकान आवरायला घेतलं. सोल्यूशनच्या डब्याखालचा तो कागद फाइलला लावावा म्हणून ओढून काढला. डाग पडलेला होता, पण आकडा स्वच्छ दिसत होता. एकतीस.

चोवीस नव्हे. एकतीस. दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीचा आकडा.

उभ्या उभ्या मला कळलं काय झालं ते. माझा प्रोग्रॅम एका माणसाच्या सगळ्या मापांतून सर्वांत ताजी तारीख शोधतो आणि त्यावरून कागद छापतो. आणि मी घड्याळ आठ वर्षं मागे नेलं होतं. पुन्हा पुढे आणलंच नाही. इंटरनेटची तार काढलेली, त्यामुळे ते आपलं आपणही सुधारलं नाही. नव्या मापावर आठ वर्षांपूर्वीची तारीख पडली, आणि प्रोग्रॅमला जुनंच माप ताजं वाटलं. कागद छापून मी हातात दिला, वाचला नाही. आपणच लिहिलेलं आपण कशाला वाचायचं?

सात मिलिमीटर जास्त. त्याने कंबर वाकडी होते, सहा किलोमीटरमध्ये पाठ भरून येते. आणि ती मुलगी भिडस्त. "मस्त" म्हणून गेली असणार काकूंच्या तोंडाकडे बघून. मास्तर बाजारात चामडं आणायला गेले होते. जाडी मोजायचं व्हर्नियर पिशवीत टाकलं आणि बस पकडली. बसमध्ये एकच विचार: शिक्के मारणारी मुलगी, खिडकी नसलेली खोली, आणि हे सगळं माझ्यामुळे. वर्गात फळ्यावर चूक झाली तर पुसता यायची.

टपाल कचेरीच्या अंगणात पोहोचले तेव्हा चाचणी संपली होती. ती पायरीवर बसून पाणी पीत होती, तोंड लालेलाल. बाजूला एक जाडसर अधिकारी फळीवर कागद ठेवून लिहीत होता.

"काकू? तुम्ही इथं कशा?"

"पाठ दुखतेय का? कंबर? खरं सांग."

"पाय दुखतायत. सहा किलोमीटर चालले मी!" ती हसायला लागली. "पास झाले काकू! सोमवारपासून माझा रस्ता मला. साहेब म्हणतात, थोडं सावकाश चाललीस तरी चालेल, टपाल काय कुठं पळून जात नाही."

साहेबांनी मान वर केली. "मी असं म्हटलेलं नाही."

मी म्हटलं, बूट काढ. तिला वाटलं, मला वेड लागलं. साहेबांनाही वाटलं. तिथेच पायरीवर बसून मी दोन्ही टाचा मोजल्या, वजाबाकी केली, पुन्हा मोजल्या. एकतीस नव्हते. पण चोवीसही नव्हते.

वीस होते.

बसमधून परत येताना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. मुलगी पास झाली याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू, खूप होता. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी हळूहळू वर येत होतं. एकतीस कागदावर. चोवीस माझ्या मापात. मग वीस कुठून आले?

मास्तर आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "हा तुम्ही वाचला होता?"

त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि चामड्याची गुंडाळी सावकाश खाली ठेवली. "नाही."

"ग्रंथपालांचा? सुताराचा?"

"नाही."

"शेवटचा कधी वाचलात?"

"पहिल्या वर्षी वाचायचो," म्हणाले. "अगं, तू माप घेतेस ते बरोबरच असतं. पण माप घेताना माणूस उभा असतो. बूट घालून त्याला चालायचं असतं. कंबर आखूड पायाची सवय करून घेते. पुरी उंची दिली तर ती बिथरते. म्हणून मी चालायला लावतो आणि बघतो. हातात भरलेला जग असला की माणूस चाल लपवू शकत नाही, पाणी सांडू नये इकडेच लक्ष असतं. मग कॉर्क कापतो आणि शेवटी कानशीने घासत जातो."

"आणि हे मला सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. पण तुझी शाळा नुकतीच गेली होती. तीन महिने तू खिडकीपाशी बसून होतीस. मग एक दिवस तो प्रोग्रॅम घेऊन बसलीस आणि जेवायलाही उठेनास. मला काय, कागद ठेवायला जागा होती."

"म्हणजे सतरा वर्षं माझी समजूत काढत होतात?"

"पहिलं वर्ष," ते म्हणाले. "मग राहूनच गेलं."

शनिवार, २३ मार्च

बोलत नाही आहे. चहा करून ठेवला, हाक मारली नाही. त्यांनी पिऊन कप धुऊन ठेवला.

रविवार, २४ मार्च

वन्संना फोन केला. तुम्हाला माहीत होतं ना, असं विचारलं. म्हणाल्या, "लहानपणी आमच्या घरी कुणी यायचं ना, तर दादा पावलांवरून सांगायचा कोण आलंय. तो कशाला कागद वाचतोय?"

मी म्हटलं, वन्सं, एवढं कळत होतं तर डिस्कचा, केबलचा, घड्याळाचा सगळा खटाटोप माझ्याकडून कशाला करून घेतलात?

"तुझा प्रोग्रॅम बंद पडला होता म्हणून," त्या म्हणाल्या. "दादाचा काय संबंध?"

फोन ठेवला. पण राग थोडा उतरला, कबूल करते.

दुपारी दुकान बंद असताना दुरुस्तीच्या फळीवरचे सगळे जोड खाली काढले. चौदा होते. एकेक मोजला, बाहेरच्या डिस्कवरून संगणक सुरू केला (घड्याळ आधी आजच्या तारखेला आणलं, तीनदा तपासलं) आणि प्रत्येकाचा माझा आकडा शेजारी लिहिला. चौदांपैकी एकही जुळला नाही. एकही! माझ्याकडे चारशे बारा माणसांचे पाय सतरा वर्षं नीटनेटके लावून ठेवलेले आहेत, आणि कुणाच्याही पायात माझा आकडा नाही.

खूप रडले. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि त्या दोन रकान्यांकडे पाहत बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च

त्यांचे आकडे मनाला येतील तसे नाहीत.

हे मला काल पहाटे उठल्याउठल्या दिसलं. ते नेहमी कमी करतात, वाढवत कधीच नाहीत. पण किती कमी, हे माणसागणिक वेगळं. मी वयाने लावून पाहिलं, वजनाने लावून पाहिलं, काही जमेना. मग पाय किती वर्षांपासून आखूड आहे त्याप्रमाणे लावलं, आणि चौदा जोड फळ्यावर लिहिल्यासारखे रांगेत उभे राहिले. वर्षा-दोन वर्षांतली इजा असेल तर सहावा हिस्सा कमी. दहा वर्षं झालेली असतील तर तिसरा. जन्मापासून असेल तर जवळजवळ निम्मं. टपालवालीचे चोवीस, सहावा हिस्सा गेला, वीस.

मास्तरांना दाखवलं. चार दिवसांतलं माझं पहिलं वाक्य हे, की "तुम्ही जुन्या पायाचं निम्मं कापता, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"असं काही नाही. मी बघतो आणि कापतो."

"चौदापैकी चौदा."

ते कागदाजवळ आले, पण चष्मा नव्हता. "असेल," म्हणाले. मग "बोलायला लागलीस ते बरं झालं."

बोलायला लागले म्हणजे राग गेला असं नाही, हेही त्यांना सांगितलं.

गुरुवार, ४ एप्रिल

प्रोग्रॅममध्ये दोन नवे रकाने घातले: 'किती वर्षांपासून' आणि 'पायात प्रत्यक्ष'. हा प्रोग्रॅम दुरुस्तही त्या जुन्या सिस्टिममध्येच करता येतो, म्हणजे रोज घरघरती डिस्क आणि अकरा मिनिटं. वन्सं म्हणतात वेगवान डिस्क मिळते. मी म्हटलं असू दे, अकरा मिनिटांत नाड्या ओवून होतात.

आता ग्राहक आला की मी पट्ट्या लावते, मग तो पाणी आणायला जातो आणि मी मास्तरांशेजारी उभी राहून बघते. मला अजून काही दिसत नाही. चालतोय माणूस, एवढंच दिसतं. आज मी म्हटलं, बावीस. ते म्हणाले, सतरा. नियमाने काढलं तर अठरा आले. मास्तरांचे सतरा, ते मी 'प्रत्यक्ष'मध्ये लिहिले.

शनिवार, १३ एप्रिल

चार दिवसांपूर्वी दूरच्या एका गावाहून फोन आला, रुग्णालयातल्या परिचारिकेचा. तिथे एक काच कापणारा आहे. चार वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, तेव्हापासून आत-बाहेर चाललंय, आता त्याला घरी सोडायचंय. एक बूट उंच करून मिळाला तर तो कुबड्या टाकून स्वतःच्या पायांनी घरात शिरेल. पण इकडे यायला दोन दिवसांचा प्रवास, तो त्याला झेपणार नाही. फोनवर मी सांगत गेले आणि तिने वह्या-पुठ्ठे रचून माप घेतलं: पस्तीस. पावलाची आकृती आणि एक जुना बूट टपालाने पाठवला, तो काल आला.

मास्तरांनी साफ नाही म्हटलं. "न बघता मी बूट करत नाही."

"व्हिडिओ मागवू?"

"कुबड्यांवर आहे तो. ती काय चाल आहे? पुरे पस्तीस दिले तर पडेल. कमी दिले तर किती कमी? मला सांगता येणार नाही. त्यांना कळव, जमणार नाही म्हणून."

ते खरंच हतबल दिसत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं, आणि सूड म्हणून बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

मी डिस्क लावली. घड्याळ पाहिलं, आजचंच होतं. पस्तीस घातले, चार वर्षं घातली. आतापर्यंत 'प्रत्यक्ष'च्या रकान्यात तेहतीस जोड झालेत, चार-पाच वर्षांवाले त्यात सहा आहेत, ते सगळे पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कागद छापला. या वेळी तो मी स्वतः तीनदा वाचला. अठ्ठावीस.

त्यांच्या टेबलावर ठेवला. मास्तर उठले, चष्मा शोधून आणला, कागद खिडकीपाशी नेला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. माणसाचं नाव, धंदा, वर्षं, टाच, चवडा, सगळं.

"मी सत्तावीस केले असते," म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय का त्याला?"

"नाही."

"मग अठ्ठावीस."

दुपारभरात बूट झाला. कॉर्क कापला, चिकटवला, वाळला. बूट तिथे पोहोचून त्या माणसाच्या पायात कसा लागेल, हे मला माहीत नाही. एक मिलिमीटर मी चुकले असेन, दोनही चुकले असेन, आणि या वेळी चूक झाली तर ती माझ्या एकटीची असेल.

शेवटी मास्तरांनी कानस उचलली. हात टाचेवर नेला आणि तिथेच थांबवला. समोर खिळ्याला लावलेला कागद होता, त्याच्याकडे पाहिलं. मग मान न वळवता विचारलं, "घासू का गं?"

मी म्हटलं, "नको."

त्यांनी कानस खाली ठेवली.